टॅनरी रोडचा पूल आणि गावाची नवी सनद

विनी ट्रॅस्कसाठी गावाने उभं राहून एक मिनिट मौन पाळलं आणि त्याच दुपारी तिचा पूल अठ्ठ्याऐंशी विरुद्ध एक्केचाळीस मतांनी आडवा केला. मौन मात्र मनापासून होतं, हे तिचा नवरा लायमनही नाकारत नाही. दुसऱ्या रांगेतल्या दोघी तर चक्क रडल्या. मग जेवणाची सुट्टी झाली, बीन्स झाल्या, ॲपल पाय झाले, विनीच्या हातची चव यंदा नाही असं म्हणत लोकांनी दोन-दोनदा वाढून घेतलं, आणि ठराव क्रमांक एकतीस पुकारला गेला. टॅनरी रोडवरच्या पुलाची दुरुस्ती. दुसऱ्या रांगेतल्या त्या दोघींनी, नाकं अजून लाल असताना, विरोधात हात वर केले.

वेस्ट हॅलमचा कारभार हा असाच चालायचा. मार्चच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या जिममध्ये गावसभा. जो मतदार येईल तो सरकार. एरवी तीन पंच होते, पण त्यांना एक खराटा घ्यायचा तरी गावसभेची परवानगी लागायची. ही पद्धत दोनशे चाळीस वर्षांची, आणि तिचा अभिमान इतका की पाहुणे आले की त्यांना आधी जिम दाखवायचे आणि वेळ उरला तर चर्च. आता गंमत बघा. ठराव ओळीने घेतले जात. शाळा, बर्फ काढायची गाडी, अग्निशमन हे सगळं सकाळी. लांबच्या वस्त्यांचं जे काय असेल ते तळाला. तळाचे ठराव येईपर्यंत लांबचे लोक गाई दुहायला घरी गेलेले असत, आणि उरत ते चालत घरी जाणारे, पोट भरलेले, आणि आता आणखी खर्च नको या मताला आलेले. पूल सहा वर्षं एकतीस नंबरवर होता.

सहा वर्षांपूर्वी राज्याचा तपासनीस आला होता. त्याने पुलाच्या तुळईवर हातोडा मारला आणि हातोडा आत गेला. त्याच दिवशी पुलाच्या दोन्ही तोंडांना सिमेंटचे ठोकळे बसले. पलीकडे टॅनरी रोडवर घरं दोनच, एक ट्रॅस्क यांचं आणि एक डेल्फीन तिबोदोचं. दोघांना गावात यायचं तर डनमोरवरून चौदा मैलांचा वळसा.

फेब्रुवारीत विनीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा लायमन स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभा होता. त्या खिडकीतून नदीपलीकडचं अग्निशमन केंद्र दिसतं, गावची ॲम्ब्युलन्सही तिथेच असते. दगड मारला तर अर्ध्या वाटेवर तरी पडेल इतकं जवळ. ॲम्ब्युलन्सचं दार उघडलेलं त्याने पाहिलं, दिवा फिरायला लागलेला पाहिला, आणि मग ती गाडी त्याच्याकडे पाठ करून निघून गेलेली पाहिली. रस्ताच तो होता. ती माणसं काय करणार? पण ते पाठ फिरवून जाणं त्याच्या डोळ्यांसमोरून काही केल्या हलेना. गाडी आली, विनीला घेतलं, आणि परतीच्या वळशात विनी गेली.

त्या गावसभेत लायमन पुठ्ठ्यावर पुलाचा नकाशा काढून घेऊन गेला होता. त्याने एकतीस वर्षं गावच्या शाळेत भूमिती शिकवली. जिममधल्या निम्म्या माणसांना त्याने फळ्यासमोर उभं केलेलं. आता तीच माणसं बाकांवर बसून त्याच्यासमोर घड्याळ बघत होती. सभापती हॉरेस पिंकहॅम, त्याच्याच वयाचा, अठ्ठावीस वर्षं हातात तोच लाकडी हातोडा, शेवटी म्हणाला, "लायमन, तुला मी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दिलाय." हे खरं होतं. दर वर्षी हॉरेस त्याला जास्त वेळ द्यायचा आणि दर वर्षी मग मत घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी लायमनने वाचनालयातून राज्याच्या कायद्याचा ग्रंथ घरी आणला, तीन रात्री नव्हे तर तीन पहाटे वाचला, कारण पहाटेच त्याला झोप येत नसे, आणि डायलिसिसला नेताना डेल्फीनला सांगितलं की तो गावाची पद्धत बदलणार आहे. गावसभा बंद. पाच जणांचं कौन्सिल, आणि त्यांच्या हाताखाली पगारी मॅनेजर. शिकलेला, बाहेरचा, ज्याला बीन्स आवडत नाहीत असा.

डेल्फीन चौऱ्याहत्तरची. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनमधून फिरायचं, आणि तीनदा तिला घेऊन जायचं काम विनीचं होतं ते आता लायमनकडे आलं होतं. जाताना ती बोलायची, येताना तिच्यात त्राण नसे.

"कसं बदलतात?" तिने विचारलं.

"पंधरा टक्के मतदारांच्या सह्या. मग मतदान. मग नऊ जणांची समिती निवडायची. ती समिती गावाच्या कारभाराची नवी सनद लिहिते. मग पुन्हा मतदान."

"आणि पूल?"

"पूल त्यानंतर."

डेल्फीनने खिडकीबाहेर बघून जरा हिशेब केला. "लायमन, मी तेवढी टिकणार नाही. पण तू कर. तुला काहीतरी करायला हवंय."

त्याला हे वाक्य लागलं. आपण गावाच्या भल्यासाठी उभे राहतोय आणि ही त्याला हातांना चाळा म्हणते. पुढचे दोन मैल तो फुगून गाडी चालवत होता.

वेस्ट हॅलममध्ये सह्या गोळा करायच्या तर जागा एकच, गावचा उकिरडा. हसू नका. कचरागाडी दारात येत नाही, तेव्हा दर शनिवारी झाडून सगळं गाव आपापला कचरा घेऊन तिथे येतं. डॉक्टर, वकील, पाद्री, सगळे. निवडणुकीला उभा राहणाराही प्रचार तिथेच करतो. लायमनने काचेच्या बाटल्यांच्या पेटीशेजारी पत्त्यांचं घडीचं टेबल मांडलं, वर पांढरं कापड घातलं, टाय बांधला, आणि बसला. पहिल्या शनिवारी त्याच्याकडे लोकांनी तीन दिवे, एक मोडका टोस्टर आणि कुणा आजोबांची काठी दिली. त्याच टेबलावर एरवी नको असलेल्या वस्तू ठेवायची पद्धत होती.

सह्यांपेक्षा सल्ले जास्त आले. एक म्हणाला, मास्तर, टाय काढा, पैसे मागायला आल्यासारखे दिसता. दुसरा म्हणाला, पुलाचं नावच काढू नका, लोक म्हणतील स्वतःसाठी करतोय. तिसरी एक बाई म्हणाली, उलट पुलाचंच सांगा, विनीचा फोटो लावा, लोक पटापट सह्या करतील. लायमनने टेबलावरचं कापड सरळ केलं. ती आपल्या पिशव्या फेकून निघून गेली. आणि प्लंबिंग करणारा एक जुना विद्यार्थी सही करता करता म्हणाला, "सही करतो, सर. पण मला एकोणऐंशी साली नापास का केलंत ते आज सांगा." लायमनने सांगितलं. नीट, मुद्देसूद, कोन आणि बाजू यांसह सांगितलं. मागच्या चार गाड्या सही न करता गेल्या.

जुलैमध्ये मात्र कागद भराभर भरायला लागले. तळ्याकाठच्या बंगल्यांतली शहरी मंडळी आली, सुट्टीतली, गोड, उत्साही. त्यांना सगळं पटत होतं. "हे तर फार मागासलेलं आहे," म्हणत त्यांनी लफ्फेदार सह्या केल्या, एकीने आंबट द्राक्षांचा जॅम दिला. लायमनला वाटलं, शिकलेली माणसं ती शिकलेलीच. ही मंडळी मतदान तिकडे आपल्या शहरात करतात, हे बेचाळीस सह्या झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. भूमितीच्या मास्तराला! त्या रात्री त्याने जॅम फेकून दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल त्याला वाईट वाटलं.

ऑक्टोबरमध्ये शेवटच्या शनिवारी हॉरेस पिंकहॅम आपला कचरा घेऊन आला. त्याने सगळे कागद उभ्याउभ्या वाचले, अगदी तळटीपांसकट.

"मी याच्या विरोधात बोलणार आहे," तो म्हणाला. "मतही विरोधात देणार."

"ठाऊक आहे."

"पण मतदान व्हायलाच नको असं मी म्हणू शकत नाही. पेन दे." आणि हॉरेसने सही केली, पूर्ण नावाने, मतदारयादीत आहे तशी. लायमनला त्याचा रागही आला आणि त्याच्यासमोर उठून उभंही राहावंसं वाटलं. तो उठला नाही.

गावची क्लार्क ग्रेटा ऑस्गुड. तिची कचेरी मंगळवारी नऊ ते बारा आणि गुरुवारी चार ते सात उघडी. तीसुद्धा लायमनचीच विद्यार्थिनी, आणि पन्नाशी उलटली तरी त्याच्यासमोर खुर्चीत नीट टेकून बसत नसे. गुरुवारी पावणेसातला लायमनने अर्ज दाखल केला आणि ग्रेटा एकेक सही यादीशी ताडून बघायला बसली. तळ्याकाठचे सगळे गेले. लाडकी नावं लिहिणारे गेले. एकाने दोनदा केली होती, दोन्ही वेळा वेगळी.

"एकशे एक्क्याऐंशी झाल्या, सर," ग्रेटा शेवटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "यादीत बाराशे सात आहेत. पंधरा टक्के म्हणजे..."

"एकशे एक्क्याऐंशी पूर्णांक पाच शतांश," लायमन म्हणाला.

"म्हणजे एकशे ब्याऐंशी लागतात."

"आत्ता एक आणतो."

"अर्ज दाखल झाला की सही वाढवता येत नाही. नियम आहे." ती स्टेपलरशी चाळा करत होती. "यादी मात्र उद्या दुपारी बारापर्यंत दुरुस्त करता येते. म्हणजे मी मुद्दाम येऊन बसेन, कचेरी बंद असली तरी."

लायमनला कळायला एक क्षण लागला. बाराशे सातातून एक गेला की बाराशे सहा. त्याचे पंधरा टक्के एकशे ऐंशी पूर्णांक नऊ दशांश. एकशे एक्क्याऐंशी पुरतात.

"यादीत मेलेली माणसं किती आहेत, ग्रेटा?"

"असतील तीस-पस्तीस. बाहेरगावी इस्पितळात वगैरे गेलेली. घरच्यांनी दाखला आणल्याशिवाय मला खोडता येत नाही, आणि कोण आणतंय?"

"विनी आहे?"

"आहे, सर."

"आठ महिने झाले."

"मला माहितीये. मी चर्चमध्ये तुमच्या मागेच बसले होते." ग्रेटाने स्टेपलर खाली ठेवला. "गावात कोणी गेलं तर नोंद माझ्याकडेच होते. पण मिसेस ट्रॅस्क गेल्या तेव्हा गाडी डनमोरच्या हद्दीत होती. वळशामुळे. त्यामुळे दाखला त्यांच्या दप्तरात. तुम्ही घेतलाच नाहीत. मी पण विचारलं नाही. मला होईना."

लायमनने दाखला घेतला नव्हता हे खरं होतं. घर त्याच्याही नावावर, खातं त्याच्याही नावावर, कुठे अडलं नव्हतं. अडलं ते इथे.

शुक्रवारी सकाळी तो डनमोरला गेला. तिथली कचेरी दहाला उघडायची, खिडकीवरचा माणूस दहा वीसला आला, आणि त्याने नातं सिद्ध करायला सांगितलं. लायमनने चालक परवाना दाखवला. त्यावर आडनाव होतं, नातं नव्हतं. "लग्नाचा दाखला?" माणसाने विचारलं. लग्नाचा दाखला वेस्ट हॅलमला, ग्रेटाच्या कपाटात. माणसाने ग्रेटाला फोन लावला, ग्रेटाने सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधून फोनवर वाचून दाखवलं, माणूस मोठ्याने परत म्हणत लिहून घेत राहिला, वधूचं वय बावीस, वराचं वय पंचवीस, आणि रांगेतले बाकीचे लोक ऐकत राहिले. लायमन भिंतीवरच्या कुत्र्यांच्या परवान्यांची सूचना वाचत होता.

दाखल्यात मृत्यूचं ठिकाण असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं होतं, मार्ग क्रमांक नऊ, अठराव्या मैलाच्या दगडापाशी. लायमनने हे कधी विचारलं नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये तो पुढे बसला होता, मागे बसायला जागा नाही म्हणाले होते. येताना त्याने त्या दगडापाशी गाडी थांबवली. शेजारी टायरचं दुकान होतं आणि एक रिकामं शेत. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण बाराच्या आत पोचायचं होतं, नाहीतर तो तिथे किती वेळ थांबला असता देव जाणे. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला, साधा, आवाज करून, आणि मग गाडी सुरू केली.

बाराला दहा कमी असताना ग्रेटाने यादी उघडून त्याच्यापुढे ठेवली. पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.

"दे इकडे," लायमन म्हणाला. "पट्टी आहे?"

त्याने पट्टी धरून रेघ मारली, सरळ, एकाच जाडीची. ग्रेटाने शेजारी सही केली, शिक्का मारला, आणि अर्ज पात्र ठरला.

डेल्फीनला त्याने सोमवारी गाडीत सांगितलं. तिने सीटबेल्ट जरा सैल केला. मग म्हणाली, "म्हणजे गावाने मारली आणि तू खोडलीस."

डनमोर येईपर्यंत त्याने रेडिओ लावून ठेवला. उतरताना तिने त्याच्या बाहीला धरलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "तिनेच सांगितलं असतं खोड म्हणून. वर आणि रेघ वाकडी आली असं म्हणाली असती."

पुढच्या वसंतात समिती नेमावी का यावर मतदान झालं आणि पंधरा मतांनी होय निघालं. नऊ जागांना नऊच उमेदवार उभे राहिले, त्यात लायमन नववा आला. म्हणजे त्याला सगळ्यांत कमी मतं पडली, जो माणूस हे सगळं सुरू करणारा, त्याला. उकिरड्यावर त्याचं अभिनंदन करताना लोक हे आवर्जून सांगत.

समिती दर बुधवारी वाचनालयाच्या तळघरात बसायची. कायद्याने दीड वर्षं दिलं होतं आणि समितीने त्यातला एक दिवस वाया जाऊ दिला नाही. कौन्सिलला कौन्सिल म्हणायचं की मंडळ, यावर पाच महिने गेले. गावसभेच्या बीन्सच्या जेवणाचं काय, यावर दोन महिने, त्यात एक उपसमिती आणि एक राजीनामा. लायमनला चिटणीस केलं, कारण मास्तरांचं अक्षर चांगलं. त्यामुळे त्याला बोलायला फारसं मिळेना, बाकीचे काय बोलतात ते लिहिण्यातच त्याचा बुधवार जायचा. एकदा त्याने पुलाचा विषय काढला. अध्यक्षबाई प्रेमाने म्हणाल्या, "मास्तर, आपण इथे पद्धत ठरवतोय. एकेक पूल नव्हे." हे त्यानेच इतिवृत्तात लिहिलं.

दुसऱ्या हिवाळ्यात डेल्फीनला झेपेनासं झालं. बर्फात वळसा दीड तासाचा व्हायचा आणि येताना ती गाडीत ओकायची. एका सोमवारी तिने बॅग भरूनच ठेवली होती.

"डनमोरच्या वृद्धाश्रमात जागा मिळालीय," ती म्हणाली. "मशीन रस्त्यापलीकडे. चालत जाईन."

"सनद मेमध्ये मतदानाला येतेय, डेल्फीन. जिंकलो तर वर्षभरात पूल."

"बघ, मला मरायचं तर आहेच. पण पुलाची वाट बघत नाही. टीव्ही बघत."

लायमनने बॅग गाडीत ठेवली. तिच्या घराचं पाणी बंद केलं, नळ उघडे ठेवले, थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून. टॅनरी रोडवर संध्याकाळी एकाच घरात दिवा लागायला लागला. तो तिला रविवारी भेटायला जायचा. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी तिच्या खाटेवर दुसरीच बाई होती आणि टीव्ही चालू होता.

सनद मेमध्ये जिंकली. चारशे दोन विरुद्ध तीनशे साठ. पुलासाठी कुणी मत दिलं नव्हतं. लोकांना कंटाळा आला होता, दिवसभर लाकडी बाकावर बसायचा, आणि मॅनेजर असला की खड्ड्यांसाठी फोन कुणाला करायचा ते कळतं, एवढंच. शेवटच्या गावसभेला जिम खच्चून भरलं. ज्यांनी ती बंद करायला मत दिलं तेच जास्त रडले. हॉरेसने हातोडा ग्रेटाच्या हातात दिला आणि तो कुठे ठेवायचा यावर सनदेत काहीच लिहिलेलं नसल्यामुळे तो ग्रेटाच्या फाइलींच्या कपाटावर जाऊन पडला.

कौन्सिलच्या पाच जागांसाठी लायमन उभा राहिला आणि या खेपेला चौथा आला. पहिला आला हॉरेस पिंकहॅम, पहिल्यापासून या पद्धतीच्या विरोधात बोललेला, आणि म्हणून तोच अध्यक्ष. मॅनेजर म्हणून बाहेरून प्रिसिला नोव्हाक नावाची बाई आली, पस्तिशीची, हुशार, आणि खरंच चांगली. पहिल्याच आठवड्यात ती लायमनकडे आली, चौदा मैलांचा वळसा घालून. बुटांवर चिखल घेऊन तिने पुलाखाली उतरून तुळई पाहिली, लायमनच्या स्वयंपाकघरात कॉफी घेतली, आणि त्या खिडकीशी उभी राहून नदीपलीकडे बराच वेळ बघत राहिली. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने एकदाही मधे तोडलं नाही. नऊ वर्षांत त्याचं असं ऐकून घेतलेलं पहिलंच माणूस. ती गेल्यावर लायमनने विनीच्या खुर्चीकडे बघून मान हलवली, जमतंय असं.

सप्टेंबरच्या बैठकीत सातवा विषय टॅनरी रोड होता. बैठका शाळेच्याच एका वर्गात होत. लायमनने पुठ्ठ्यावरचा नकाशा नव्याने काढून आणला होता, शाईने, प्रमाणात. टायही बांधला होता.

हॉरेसने विषय पुकारला आणि चष्मा काढला. "लायमन, तुझं घर त्या रस्त्यावर आहे."

"आहे."

"मग कलम बावीस."

कलम बावीस लायमनला पाठ होतं, कारण सबंध सनदेसारखं तेही त्यानेच लिहून काढलं होतं. ज्या सदस्याचा एखाद्या विषयात स्वतःचा संबंध आहे त्याने त्या विषयाच्या वेळी सभागृह सोडावं, चर्चा करू नये, मत देऊ नये. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर आपल्या मेहुण्याकडून खडी घेणारा एक पंच होता. फार उत्तम कलम आहे असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

"मी नुसता नकाशा दाखवतो," लायमन म्हणाला.

"नाही दाखवता येणार."

"हॉरेस."

"जुन्या सभेत मी तुला बोलू दिलं असतं," हॉरेस म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. "दिलंच होतं ना दर वर्षी. आता माझ्या हातात नाही. बाहेर बस."

लायमन बाहेर जाऊन बसला. व्हरांड्यात पहिलीच्या मुलांच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर, गुडघे छातीशी घेऊन, पुठ्ठा मांडीवर उभा धरून. दार बंद होतं, पण प्रिसिलाचा आवाज स्वच्छ होता आणि प्रत्येक शब्द ऐकू येत होता. दोन घरांपैकी एक कायमचं रिकामं. उरलेल्या एका घरात एकच व्यक्ती, वय चौऱ्याहत्तर. एवढ्यासाठी पूल बांधणं आणि वळशावरून बर्फाची गाडी पाठवणं, दोन्हीचं समर्थन करता येत नाही. शिफारस अशी की पूल पाडावा, टॅनरी रोड गावाच्या रस्त्यांतून वगळावा, पुढच्या हिवाळ्यापासून तो साफ करू नये, आणि घरमालकाला कायद्याने जी मिळते ती भरपाई द्यावी. तिने हेही सांगितलं की तिला हे लिहिताना वाईट वाटलं. लायमनला ते खरं वाटलं. तिचं गणित त्याने मनातल्या मनात दोनदा तपासून पाहिलं आणि त्यात चूक नव्हती.

आत कुणीतरी खोकलं. खुर्च्या सरकल्या. मग दार उघडून हॉरेस स्वतः बाहेर आला.

"झालं," तो म्हणाला. "ये आत."

"किती?"

"चार विरुद्ध शून्य. माझंही त्यात आहे."

"कुणी विरोधात काही बोललं?"

"नाही." हॉरेसने त्याला उठायला हात दिला, कारण त्या खुर्चीतून त्याला उठता येत नव्हतं. "ज्याला बोलायचं होतं तो इथे बसला होता."

लायमन आत गेला. पुठ्ठा त्याने खुर्चीखाली ठेवला आणि आपल्या जागेवर बसला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, प्रिसिला सोडून, आणि ती बघत होती म्हणून तो तिच्याकडे बघत नव्हता. हॉरेसने आठवा विषय पुकारला, वाचनालयाच्या छपराची गळती. एकाने ठराव मांडला. आता अनुमोदन हवं होतं, आणि नवी पद्धत अजून अंगवळणी न पडल्यामुळे अनुमोदन कुणी द्यायचं या विचारात बाकीचे दोघेही कागद चाळत बसले होते. हॉरेस वाट बघत होता. छपराला वाट बघायला लावण्यात काही अर्थ नव्हता. लायमनने हात वर केला आणि अनुमोदन दिलं.